वेळेवर विरघळणारा धातू



भोसरी-चाकणच्या पट्ट्यात कोटिंग म्हणजे काय, हे कुणाला सांगायला नको. झिंक प्लेटिंग असो की फॉस्फेटिंग, परीक्षा ठरलेली. सॉल्ट स्प्रेच्या पेटीत जॉब टांगायचा, ३५ अंशांवर ५ टक्के मिठाच्या पाण्याचं धुकं सोडायचं आणि किती तास गंज धरत नाही ते बघायचं. जितके तास जास्त, तितका ग्राहक खूश. आज ज्या कोटिंगबद्दल बोलणार आहे, ते मात्र वेळेवर निकामी झालं तरच पास!

हाड मोडलं की स्टीलची किंवा टायटॅनियमची पट्टी बसवतात. हाड जुळतं, धातू आतच राहतो. काढायचा तर पुन्हा ऑपरेशन. शिवाय हे धातू हाडापेक्षा फार ताठ. भार पट्टीच उचलते आणि खालचं हाड कमजोर पडतं. याउलट मॅग्नेशियमचा ताठपणा ४५ गिगापास्कलच्या आसपास, म्हणजे टायटॅनियमच्या निम्म्याहून कमी. वर हा धातू शरीरात विरघळतो, आणि शरीराला तो परका नाही. आपल्या अंगात २५ ग्रॅमच्या आसपास मॅग्नेशियम असतंच, त्यातलं निम्म्याहून अधिक हाडांत.

अडचण आहे ती त्याच्या घाईची. बेल्जियमचे शल्यविशारद अल्बिन लाम्बोट यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी पायाच्या मोडलेल्या हाडावर मॅग्नेशियमची पट्टी बसवली, जोडीला पोलाद. आठवड्याभरात पट्टीची वाट लागली आणि कातडीखाली वायू साचला. दोन वेगळे धातू खाऱ्या पाण्यात भिडले की जास्त क्रियाशील असेल तो आधी झिजतो. त्यात एक ग्रॅम मॅग्नेशियम विरघळताना सुमारे एक लिटर हायड्रोजन सोडतं.

इथे फ्लोराइड कामी येतं. हायड्रोक्लोरिक आम्लात मॅग्नेशियम फसफसून संपतं. तीव्र हायड्रोफ्लोरिक आम्लात मात्र बुडबुडे मंदावतात, कारण पृष्ठभागावर मॅग्नेशियम फ्लोराइडचा जवळजवळ न विरघळणारा थर धरतो आणि तोच आम्लाला अडवतो. भांडं प्लास्टिकचंच हवं. हे आम्ल काचही खातं. थर जेमतेम एक-दोन मायक्रॉनचा, पण धातूतूनच तयार झालेला. त्यातल्या बारीक छिद्रांतून शरीरातला खारा द्रव हळूहळू आत शिरतो. तोवर हाडाला जुळायला सवड मिळते.

ही नुसती प्रयोगशाळेतली हौस नाही. जर्मनीच्या सिंटेलिक्स कंपनीच्या, विरघळणाऱ्या मॅग्नेशियम मिश्रधातूच्या स्क्रूला २०१३ मध्ये युरोपात परवानगी मिळाली. त्याला फ्लोराइडचा थर नाही. मिश्रधातूच तसा जुळवला आहे. वेग आवरायच्या वाटा अनेक, फ्लोराइड ही त्यातली एक.

आणि ती जपून चालायची वाट आहे. धातूला घट्ट धरायचा फ्लोराइडचा गुण माणसाच्या हातावरही चालतो. हायड्रोफ्लोरिक आम्ल कातडीतून आत झिरपून कॅल्शियम पकडतं; सौम्य असेल तर आधी काहीच जाणवत नाही आणि तासांनंतर ठणका सुरू होतो. उपाय म्हणजे लगेच भरपूर पाणी, मग कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल आणि तडक दवाखाना. उद्या आपल्याकडच्या एखाद्या शेडमध्ये हे काम आलं, तर खरेदीच्या यादीत आम्लाच्या आधी त्या जेलचं नाव लिहा.