चिखलातून आलेली गाडी

उन्हाळ्यात खडकवासला धरणाचं पाणी उतरलं की काठाची गाळाची जमीन उघडी पडते. रिमोटवरची गाडी पळवायला याहून चांगलं मैदान नाही, असं मुलांना वाटतं. खरं सांगायचं तर त्यांच्या बाबांनाही! पण परतताना माखलेली गाडी धरणात बुचकळू नका. ते पुण्याचं पिण्याचं पाणी आहे, आणि गाडीच्या मोटरलाही ते मानवत नाही.

आधी गाडीचं बटण बंद करा, मग रिमोटचं. उलट केलंत तर गाडी भरकटू शकते. मग बॅटरी काढून बाजूला ठेवा. लिथियम पॉलिमर बॅटरी फुगलेली दिसली, तर ती पुन्हा चार्ज करायची नाही. धड असेल आणि बरेच दिवस खेळणं नसेल, तर दर सेलला सुमारे ३.८ व्होल्टवर ठेवावी.

ओला चिखल चोळू नका, वाळू द्या. मग तो रंगाच्या जुन्या ब्रशनं सहज झडतो. गिअरच्या फटीत दातांचा ब्रश पोचतो. रिसीव्हर आणि वेग सांभाळणाऱ्या पेटीला मात्र पाणी लागू देऊ नका, खोक्यावर ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेलं असलं तरी. वरच्या पारदर्शक पॉलिकार्बोनेटच्या बॉडीला पेट्रोल किंवा थिनर लावलं तर ती तडकते. साबणाच्या पाण्यात पिळलेलं फडकं पुरे. शेवटी बेअरिंगला तेलाचा एकच थेंब. जास्त घातलंत, की पुढच्या रविवारची सगळी धूळ तिथेच मुक्कामाला येते.