घराचा नकाशा आणि घरातील माग



येवल्याच्या विणकर वस्तीतून दुपारच्या वेळी जाणाऱ्यास घराघरांतून फणीचा ठोका ऐकू येतो. पैठणीचा हा व्यवसाय मुख्यतः घरातच चालत आला आहे. जमिनीत खणलेला खड्डा, त्यात पाय सोडून मागावर बसलेला विणकर, शेजारी रहाटावर रेशीम उकलून असारीवर व मग कांडीवर घेणारे घरातील दुसरे कोणी, आणि भिंतीपलीकडे चुलीवरची भाकरी, असे हे एकत्र नांदणारे जग असते. शहरालगतच्या नागडे, बल्हेगाव यांसारख्या गावांतही हेच दृश्य दिसते. अशा कुटुंबाने नवे घर बांधावयास काढले म्हणजे ते केवळ राहण्याची जागा बांधत नसते. आपल्या पोटापाण्याचे साधनही ते त्याच चार भिंतींत बसवीत असते. घराचा नकाशा चुकला तर गैरसोय होते, पण विणकराच्या घराचा नकाशा चुकला तर माग बंद पडतो.

आणि तरीही हा नकाशा कोणाला दाखविला जातो? बहुधा घरातील कर्त्या पुरुषाला. तो कागद हातात घेतो, रेघांकडे पाहतो, ‘ठीक आहे’ म्हणतो आणि पाया खणावयास सुरुवात होते. नकाशा वाचणे ही एक विद्या आहे आणि ती शाळेत फारशी शिकविली जात नाही. शंभरास एक या प्रमाणातील नकाशावर एक मीटरची जागा एका सेंटिमीटरची होते. दरवाजाची जागा दाखविणारा पाव वर्तुळाचा कंस म्हणजे दार उघडताना अडणारी जागा, हे सांगितल्याखेरीज कळत नाही. न कळलेल्या गोष्टीस होकार देणे सोपे असते, कारण नकार देण्यासाठी आधी कारण सुचावे लागते.

जुन्या येवल्यातील घरे कोणी कागदावर काढून बांधली नव्हती. लाकडी खांब-तुळया, जाड भिंती, वर मातीचे धाबे अशी ती रचना पिढ्यान्‌पिढ्यांच्या वापरातून सिद्ध झालेली होती. माग कोठे असावा हे गवंड्यास, सुतारास आणि घरातील वृद्धेस सारखेच ठाऊक असे. आज सिमेंटच्या खांबांवर स्लॅब पडतो, आराखडा इतर शहरांतील घरांवरून घेतला जातो, आणि पूर्वी रिवाजाने आपोआप मिळणारा सल्ला आता मुद्दाम मागून घ्यावा लागतो. हा बदल अनेकांच्या ध्यानात आलेला नाही.

प्रथम जागेचे गणित पाहावे. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण विभागात घराचे किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट, ठरविले गेले. त्यात स्वयंपाकाची जागाही धरलेली आहे. पूर्वीच्या इंदिरा आवास योजनेत ते २० चौरस मीटर होते, तेव्हा ही वाढ स्वागतार्हच होय. राष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार राहत्या खोलीचे किमान क्षेत्र साडेनऊ चौरस मीटर असावे लागते. माग, विणकराची बैठक, ताण्याची लांबी आणि भोवती फिरण्याची वाट मिळून एक लहानशी खोली सहज व्यापते. तेव्हा किमान क्षेत्राचे घर बांधणाऱ्या विणकरापुढील प्रश्न असा की, उरलेल्या जागेत झोपावयाचे कोणी आणि कोठे? याचे उत्तर नियमावलीत मिळणार नाही. ते त्या कुटुंबासच ठाऊक असते. फक्त त्यांना विचारले पाहिजे.

उजेडाचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. पैठणीच्या पदरावरील मोर किंवा आसावली वेगवेगळ्या रंगांच्या असंख्य कांड्यांनी, धागा धाग्यात अडकवून विणली जाते. दोन जवळच्या छटांतील फरक डोळ्यांस दिसला नाही तर दिवसाचे काम उसवावे लागते. येवले सुमारे २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या उत्तरार्धात मध्यान्हीचा सूर्य येथे जवळजवळ डोक्यावर येतो. डिसेंबरात तो दक्षिणेकडे कलून क्षितिजापासून सुमारे साडेसेहेचाळीस अंशांवर राहतो. म्हणून दक्षिणेच्या खिडकीवर बेताचे छज्जे असले की उन्हाळ्यात सावली आणि हिवाळ्यात ऊब, दोन्ही मिळतात. मागास मात्र उत्तरेचा स्थिर उजेड उत्तम. पश्चिमेची खिडकी मागासमोर आली तर दुपारनंतर डोळे दिपतात, रेशमाचा रंग उडतो आणि खोली तापते. उष्ण व कोरड्या हवामानात खोलीच्या क्षेत्रफळाच्या निदान एक-दशांश इतकी उघडी जागा हवा-उजेडासाठी असावी, असे हीच संहिता सांगते. दहा चौरस मीटरच्या खोलीस एक चौरस मीटरची खिडकी म्हणजे काही फार मोठी मागणी नव्हे.

धुराचेही तसेच आहे. या भागात वर्षाचा बराच काळ वारे पश्चिमेकडून व नैर्ऋत्येकडून वाहतात. स्वयंपाकघर मागाच्या वाऱ्याकडील बाजूस आले तर काजळी रेशमावर आणि जरीवर बसते. वास्तुशास्त्राचे जाणकार स्वयंपाकघर आग्नेयेस ठेवावयास सांगतात. येथील वाऱ्यांचा विचार करता तो सल्ला सोयीचा ठरतो, यात वाद नाही. परंतु त्याच शास्त्राच्या नावाखाली मागाची उत्तरेची खिडकी कोणी बुजवू म्हटले, तर तेथे विणकराच्या डोळ्यांचा कौल वरचढ मानावा.

खड्ड्याविषयी तर आधीच निर्णय व्हावयास हवा. फरशी बसल्यावर खड्डा खणणे म्हणजे नवे घर फोडणे. तो भिंतीच्या पायास चिकटून असू नये, विशेषतः जेथे काळी माती आहे तेथे. कारण ही माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते, आणि पाया तिच्याखालील मुरमापर्यंत न्यावा लागतो. मातीचा गारवा ताण्यास हितकारक असतो, कारण फार कोरड्या हवेत धागा तुटतो. परंतु ओल वर चढून खड्ड्यात पाणी साचले तर विणकराच्या पायांचे आणि मागाच्या पावड्यांचे नुकसान होते. मोरीचे पाणी कोणत्या बाजूने बाहेर जाते हे म्हणूनच मागाच्या संदर्भात पाहावे.

आता हा सल्ला मिळवावयाचा कसा? ‘नकाशा कसा वाटला?’ असे विचारल्यास उत्तर एकच येते: ‘छान आहे.’ त्याऐवजी दिवसाची हकिगत विचारावी. पहाटे सर्वांत आधी कोण उठते? ती उठून मोरीकडे जाताना झोपलेल्यांना ओलांडून जावे लागते काय? माग चालू असताना शाळेतून आलेली मुले कोठे बसतात? साडी पाहावयास व्यापारी आला तर त्यास घरातून आत यावे लागते काय? आजीबाईंना रात्री उठावे लागले तर उंबरे किती? हे प्रश्न पुरुषांस विचारून भागत नाही. घरातील सूनबाईंना, सासूबाईंना वेगळे बसवून विचारले म्हणजे नकाशावर नसलेले घर समोर येते: पाण्याचे हंडे, धान्याच्या कोठ्या, वाळवण, रहाट, आणि पाळण्याची दोरी बांधावयाची कडी.

त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे जागेवर फक्कीने पूर्ण मापाचा नकाशा आखणे. दारांच्या ठिकाणी दोन-दोन विटा ठेवाव्यात, मागाच्या जागी प्रत्यक्ष मागाच्या मापाची दोरी अंथरावी, खाट आणून ठेवावी आणि घरातील सर्वांनी त्यातून चालून पाहावे. कागदावर ऐसपैस भासणारी खोली दोन माणसे समोरासमोर आली की अडते, हे फक्कीच्या रेघांत पाच मिनिटांत कळते. या कामी फक्की आणि एक दुपार, एवढाच खर्च येतो. केरळात दीर्घकाळ काम केलेले वास्तुशिल्पी लॉरी बेकर (१९१७–२००७) हे कागदापेक्षा प्रत्यक्ष जागेवर उभे राहून, घरधन्याशी व गवंड्याशी बोलून घर ठरवीत, आणि कमी खर्चाच्या घरांसाठी त्यांचे नाव झाले, हे येथे आठवावे. शिक्षकांनाही यात मोठे कार्य आहे. प्रमाणाचे गणित शिकविताना पुस्तकातील आयताऐवजी विद्यार्थ्यांकडून स्वतःच्या घराचा नकाशा काढून घेतला, तर पुढील पिढीस कागदाकडे पाहून मान डोलवावी लागणार नाही.

न विचारता बांधलेल्या घरांचे काय होते, याचा मोठा अनुभव महाराष्ट्रास आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपानंतर लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. जमीनधारणेनुसार २५०, ४०० व ७५० चौरस फुटांची घरे देण्यात आली. एवढ्या मोठ्या संकटात इतक्या वेगाने झालेले ते काम लहान नव्हते, आणि घरे मजबूत होती. परंतु रुंद सरळ रस्त्यांवर ओळीने उभ्या राहिलेल्या अनेक घरांत गुरांस, अवजारांस आणि ओसरीवरील बैठकीस जागा राहिली नव्हती; लोकांनी पुढे आपल्या हाताने पडव्या, भिंती आणि आडोसे वाढवून घेतले. याच कार्यक्रमात ज्या गावांची जागा बदलली नाही, तेथे घरमालकांनी स्वतः दुरुस्ती व बांधकाम केले आणि गावोगावी स्त्रियांना ‘संवाद सहायक’ नेमून घरांविषयीची चर्चा घरातल्या बायकांपर्यंत नेण्यात आली.

येवल्यापुरती आणखी एक गोष्ट नकाशात विसरली जाते. संक्रांतीच्या दिवसांत सारे गाव गच्चीवर असते. लहान मुले पतंगाकडे पाहत मागे सरकतात, पायाखाली पाहत नाहीत. गच्चीचा कठडा ‘पुढे पैसे आले की बांधू’ म्हणून सोडलेला असतो. तो पहिल्या खर्चातच धरावा, निदान एक मीटर उंच असावा, आणि जिना मागाच्या खोलीतून न जाता बाहेरून असावा. पुढेमागे मुलाचा दुसरा माग वर न्यावयाचा झाला तरी तोच जिना उपयोगी पडेल.

सर्वांचे म्हणणे ऐकून झाले म्हणजे मतभेद उरतातच. मोठी देवखोली हवी असणारे आजोबा आणि मोठी मोरी हवी असणारी सून, दोघांचेही २५ चौरस मीटरमध्ये समाधान होत नाही. असे वाद कागदावर असतानाच मिटवावेत, कारण नगरपरिषदेची परवानगी घेतल्यावर केलेल्या बदलांस सुधारित परवानगी लागते आणि खांब उभा राहिल्यावर तर तो हलतच नाही. ठरलेल्या नकाशाची एक प्रत गवंड्याजवळ आणि एक घरातील स्त्रीजवळ असावी. फक्कीच्या रेघांवर कोपऱ्याकोपऱ्यांत खुंट्या मारून घ्याव्यात, म्हणजे मधेच एखादी सर येऊन रेघा धुतल्या गेल्या तरी खड्ड्याची जागा सापडते.