जुना डेस्कटॉप: रॅम घेण्याआधी

"बेसमेंटमधला डेस्कटॉप फार रेंगाळतोय, रॅम वाढवू का?" हे मला दर हिवाळ्यात कुणी ना कुणी विचारतंच. माझं म्हणणं, आधी मोजा, मग पैसे काढा.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्स बघा आणि नेहमीची कामं चालू ठेवा: ब्राउझरचे दहाबारा टॅब, टॅक्सची एक्सेल शीट, भारतातला व्हिडिओ कॉल. मेमरी ९० टक्क्यांच्या वर अडकून बसली तर रॅम कमी पडतेय. मेमरी निम्मी मोकळी आणि डिस्क मात्र १०० टक्क्यांवर असेल, तर दोष फिरत्या हार्ड डिस्कचा. जुन्या यंत्रांत मला बहुतेकदा हेच सापडतं. तिथे १६ जीबी रॅम घालून काही होत नाही. एसएसडी बसवा, फरक पहिल्याच दिवशी कळेल. पण डिस्कला हात लावण्याआधी मुलांचे फोटो बाहेरच्या ड्राइव्हवर उतरवून घ्या.

रॅमच घ्यायची, तर किती स्लॉट रिकामे आहेत ते तिथेच दिसतं. डीडीआर-३ च्या जागी डीडीआर-४ बसत नाही, लॅपटॉपची पट्टीही चालत नाही. विंडोज ३२ बिटचं असेल, तर घरगुती आवृत्तीला ४ जीबीपुढची मेमरी वापरताच येत नाही. बसवताना प्लग काढा, आणि पट्टीला हात लावण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या धातूला स्पर्श करा. हीटरच्या कोरड्या हवेत कार्पेटवर चालून दाराच्या मुठीला हात लावला की झटका बसतो ना, तोच रॅमला बसला तर ती जाऊ शकते.

आता थांबायचं कुठे? विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं, आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. त्याआधीच्या यंत्रात कितीही रॅम ओता, मायक्रोसॉफ्टच्या यादीत ते येणार नाही. सुरक्षेचे अपडेट बंद झालेल्या विंडोजवर बँक आणि टॅक्स रिटर्न करू नका. एमबीएत आम्हाला शिकवलं होतं, बुडालेल्या पैशाकडे बघून नवा पैसा घालायचा नाही. लिनक्स मिंट टाकलंत तर तेच यंत्र आणखी काही वर्षं निघेल.

आणि ते भारतात आईवडिलांकडे पाठवणार असाल, तर पॉवर सप्लायच्या मागे छोटा लाल स्विच आहे का बघा. तो ११५ वर राहिला आणि तिकडे २३० व्होल्टला लावला, तर सप्लाय तिथेच उडेल.