सॉलिसिटरची उमेदवारी

(ज्युबिलीनिमित्त झालेल्या व्याख्यानमालेंतील भाषण)



ज्युबिलीच्या आनंदाच्या प्रसंगीं कायद्यासारख्या रुक्ष विषयावर भाषण ठेवणाऱ्या चालकांच्या धाडसाचें मला कौतुक वाटतें. आपल्या धर्मग्रामांतील कांहीं मुलें-मुली आतां कायद्याच्या महाविद्यालयांत जाऊं लागलीं आहेत, व त्यांतील दोघीतिघींनीं विलायतेंतील शिक्षणाविषयीं मजपाशीं विचारपूस केली. म्हणून लंडन शहराच्या पूर्व भागांतील एका कचेरींत २०१६ ते २०१८ हीं दोन वर्षें मीं जी उमेदवारी केली, तिची हकीकत सांगावी असें ठरलें. त्या कचेरीचें नांव मी घेणार नाहीं. अशिलाची गोष्ट गुप्त राखण्याचें बंधन कचेरी सोडल्यावरहि सुटत नसतें. तेव्हां ज्या दोन गोष्टी सांगेन, त्यांतील ओळख पटण्याजोगा तपशील मीं बदलला आहे.

सॉलिसिटर म्हणजे कोण, हें प्रथम थोडक्यांत सांगितलें पाहिजे. बॅरिस्टराचें नांव आपणांस ठाऊक असतें, कारण तो झगा घालून न्यायासनासमोर उभा राहतो. सॉलिसिटर त्याच्या आधीं भेटतो. अशिलाची हकीकत ऐकणें, कागद जमविणें, नोटिशीस उत्तर देणें, मुदत न चुकूं देणें, आणि खालच्या न्यायालयांत पुष्कळदां स्वतःच काम चालविणें, हें सारें त्याचें. हा धंदा कोणाच्या तरी हाताखालीं बसूनच शिकावयाचा, हा इंग्लंडांतील दंडक फार जुना आहे. १७२९ सालीं तेथील पार्लमेंटच्या कायद्यानें पांच वर्षांची उमेदवारी सक्तीची केली. अशा उमेदवारास आर्टिकल्ड क्लार्क म्हणत, आणि गंमत अशी कीं, पगार मिळण्याऐवजीं बहुधा त्याच्या बापालाच सॉलिसिटरास मोठी रक्कम मोजावी लागे. अर्थात् गरिबाच्या मुलास ही वाट बंदच होती. पुढें उमेदवारीचीं वर्षें घटलीं, पैसे मोजण्याची चाल गेली, आणि गेल्या शतकाच्या अखेरीस 'क्लार्क' हें नांवहि जाऊन 'ट्रेनी सॉलिसिटर' हें नांव आलें. आपल्या मुंबईंत मात्र आर्टिकल्ड क्लार्क अद्याप आहेत. १८९४ सालीं स्थापन झालेली बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटी त्यांची परीक्षा घेते.

ह्या उमेदवारीशीं महाराष्ट्रकन्यांचा संबंधहि आजचा नव्हे. नाशिक येथें १८६६ सालीं जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी ह्यांनीं १८९२ सालीं ऑक्सफर्डास कायद्याची परीक्षा दिली. त्यानंतर लंडनच्या ली अँड पेंबर्टन ह्या सॉलिसिटरांच्या कचेरींत बसून त्यांनीं प्रत्यक्ष कामाचा अनुभव घेतला. परंतु त्या काळीं स्त्रीस सॉलिसिटर होतांच येत नसे. तो अडसर १९१९ च्या कायद्यानें निघाला आणि १९२२ सालीं इंग्लंडांत पहिल्या स्त्री-सॉलिसिटरचें नांव नोंदलें गेलें. मी ज्या खुर्चीवर बसलें ती बाईंना शिकावयास मिळाली, पण कमवावयास मिळाली नाहीं.

आतां गरिबांच्या वकिलीकडे वळूं. लंडनच्या व्हाइटचॅपल भागांत टॉयन्बी हॉल म्हणून संस्था आहे. तेथें १८९८ पासून संध्याकाळीं वकील येऊन बसत आणि गोदीवरील हमाल, शिलाईकाम करणाऱ्या बाया इत्यादिकांस फुकट सल्ला देत. 'गरिबाचा वकील' असेंच त्या सोयीचें नांव होतें. तो सारा धर्मादाय होता. वकिलाची मर्जी असेल तर मदत, नाहीं तर नाहीं. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४९ सालीं लीगल एडचा कायदा झाला, आणि गरिबाच्या वकिलाचें शुल्क सरकारनें द्यावें हें तत्त्व मान्य झालें. १९७० च्या जुलै महिन्यांत नॉर्थ केन्सिंग्टन येथें, पूर्वी खाटकाचें दुकान असलेल्या गाळ्यांत, पहिलें लॉ सेंटर उघडलें. रस्त्यावरून जाणाऱ्या माणसास आंत येण्याची भीति वाटूं नये, म्हणून दुकानच पत्करलें, हें मला फार समर्पक वाटतें. ह्याच केंद्राच्या पंचक्रोशींत १४ जून २०१७ रोजीं ग्रेनफेल टॉवरला आग लागून ७२ माणसें मेलीं, आणि वांचलेल्यांस तेथील वकिलांचा आधार झाला.

परंतु मी गेलें तेव्हां चित्र पालटलें होतें. २०१२ सालीं झालेला एक कायदा १ एप्रिल २०१३ पासून अमलांत आला, आणि सरकारी भत्त्यांचे तंटे, बहुतेक कर्जाचे व नोकरीचे तंटे, नवराबायकोचे बरेचसे कज्जे, हे सारे सरकारी मदतींतून वगळले गेले. घरांतून बाहेर काढण्याचे दावे मात्र राहिले. त्यामुळें आमच्या कचेरीच्या दारांत जो येई, तो बहुधा अगदीं शेवटच्या पायरीवर येई. सहा महिन्यांपूर्वीं भत्ता बंद झाला तेव्हां त्यास कोणी वकील मिळाला नाहीं. भाडें थकून जप्तीवाला येणार म्हणतांच मात्र तो आमच्या मदतीस पात्र ठरे. हा हिशेब मला तेव्हां उलटा वाटला आणि आजहि वाटतो.

पहिल्या महिन्यांत मला कायदा फारसा लागलाच नाहीं. लागली ती पिशवी. बाजारांत मिळते तसली प्लास्टिकची पिशवी घेऊन एक प्रौढ गृहस्थ आले. आजारामुळें त्यांची नोकरी गेली होती. पिशवींत आठ-नऊ महिन्यांचीं पत्रें होतीं, आणि त्यांतील बहुतेक लिफाफे उघडलेलेच नव्हते. मनुष्य आळशी नव्हता. तो भ्यालेला होता. माझ्या पर्यवेक्षिका बाईंनीं मला एवढेंच सांगितलें कीं, सर्व उघड, तारखेप्रमाणें लाव, आणि तोपर्यंत त्यांस कांहीं विचारूं नकोस. दोन तास मी टेबलावर पत्रें मांडीत होतें. तेवढ्यांत न्यायालयाची तारीख अकरा दिवसांवर आल्याचें कळलें, आणि घरभाड्याचा सरकारी भत्ता कां बंद झाला तेंहि कळलें: नव्या मिळकतीचा दाखला मागणारें नगरपालिकेचें पत्र त्या ढिगाऱ्यांत तसेंच मिटलेलें होतें.

येथें कायद्याची एक बारीक खोंच आहे, ती सांगितल्यावांचून पुढची गोष्ट कळणार नाहीं. इंग्लंडांतील १९८८ च्या घरविषयक कायद्यांत आठवें कारण म्हणून एक कलम आहे. महिनेवारी भाडें असेल, आणि नोटिशीच्या दिवशीं व सुनावणीच्या दिवशीं अशा दोन्ही वेळीं दोन महिन्यांचें भाडें थकलेलें असेल, तर त्या वेळच्या कायद्याप्रमाणें न्यायाधीशास घर खालीं करण्याचा हुकूम द्यावाच लागे. दया करण्यास त्याचे हात मोकळे नसत. मात्र सुनावणीपूर्वीं ती बाकी दोन महिन्यांच्या खालीं एक पौंडानें जरी आली, तरी न्यायाधीशास विचार करण्याची मोकळीक मिळे. म्हणून त्या अकरा दिवसांत आमचें सारें काम न्यायालयांत नव्हतें, नगरपालिकेच्या भत्ता-खात्यांत होतें. दाखले पाठविले, मागील महिन्यांचा भत्ता मागितला, रोज फोन केला. सुनावणीच्या आदल्या दिवशीं रक्कम जमा झाली व बाकी दीड महिन्यावर आली. चालू भाडें आणि थकबाकीपोटीं आठवड्यास ३ पौंड ७० पेन्स भरण्याच्या अटीवर हुकूम तहकूब राहिला. सुनावणी दहा मिनिटांची झाली. बोलण्याचें काम सॉलिसिटरचें. मी शेजारीं बसून टिपण घेत होतें.

ह्या कामाबद्दल कचेरीस काय मिळालें, असें कोणी विचारील, आणि विचारणेंहि योग्यच आहे. गृहविषयक प्राथमिक सल्ल्याच्या एका प्रकरणास सरकारकडून ठराविक १५७ पौंड मिळत. उमेदवाराचा प्रत्येक सहा मिनिटांचा वेळ टिपून ठेवावा लागे. सरकारी दरानें हिशेब करतां काम ३०० पौंडांचें झालें तरी हातीं १५७ च. काम तिपटीच्या वर, म्हणजे ४७१ पौंडांच्या वर गेलें, तरच प्रत्यक्ष तासांचा मोबदला मागतां येई. मधल्या पट्ट्यांत जें प्रकरण अडकेल त्यांत कचेरी बुडे. ह्याखेरीज अशिलाची पात्रता सिद्ध करावी लागे: शिल्लक ८,००० पौंडांच्या आंत, आणि घरभाडें वगैरे वजा जातां महिन्याची मिळकत ७३३ पौंडांच्या आंत. बँकेचा उतारा फायलींत नसला, तर तपासणींत तें शुल्कहि सरकार परत घेई.

माझ्या मतें उमेदवाराची खरी परीक्षा येथें आहे. समोर बाई रडत असते, आणि तुम्हांस तिच्याजवळ बँकेचा उतारा मागावयाचा असतो. पहिल्या आठवड्यांत उतारा मागतांना जीभ अडखळते. सहाव्या महिन्यांत ती अडखळत नाहीं, आणि तेंच अधिक भयंकर आहे. आमच्याबरोबरचा एक उमेदवार म्हणे कीं, आपण आतां माणसें पाहत नाहीं, कागद पाहतों. पर्यवेक्षिका बाईंनीं त्यास फार प्रेमळ उत्तर दिलें नाहीं. त्या म्हणाल्या, कागद नीट पाहिलास तर माणूस घरांत राहील, नुसता माणूस पाहिलास तर दोघेहि रस्त्यावर याल. मला त्यांचें म्हणणें पटलें. पण त्या उमेदवाराचेंहि खोटें होतें असें मी म्हणणार नाहीं.

दुसरी गोष्ट हरलेल्या कामाची आहे, आणि ती सांगितल्यावांचून राहणें अप्रामाणिकपणाचें होईल. दोन मुलांची एक आई खाजगी मालकाच्या खोलींत राहत असे. भाडें एक दिवसहि थकलेलें नव्हतें. परंतु त्याच १९८८ च्या कायद्याच्या २१ व्या कलमानें मालकास कारण न सांगतां, दोन महिन्यांच्या नोटिशीनें, घर परत मागतां येई. अशा वेळीं आम्ही प्रथम अनामत रक्कम पाहत असूं. मालकानें ती तीस दिवसांच्या आंत मान्य योजनेंत सुरक्षित ठेवली नसली, तर ती परत करीपर्यंत त्याची नोटीस चालत नसे. शिवाय अनामतीच्या एक ते तीन पट दंड होतो. कित्येक भाडेकरूंचीं घरें केवळ एवढ्या मुद्द्यावर वांचलेलीं मीं पाहिलीं. ह्या बाईंच्या मालकानें बाराव्या दिवशींच रक्कम सुरक्षित ठेविली होती. बाकी कागदहि चोख होते. न्यायाधीशास हुकूम द्यावाच लागला. १९८० च्या कायद्याप्रमाणें सामान्यतः चौदा दिवसांची, आणि विशेष हालअपेष्टा दाखविल्यास फार तर बेचाळीस दिवसांची मुदत मिळते. आमच्या सॉलिसिटरनें ते बेचाळीस दिवस मिळविले. वकिलीच्या दृष्टीनें ती पूर्ण यशाची सुनावणी होती. बाहेर बाकावर बसून बाईंस त्याचा अर्थ समजावून सांगण्याचें काम माझ्याकडे आलें. त्यांनीं दोनदां विचारलें, "म्हणजे घर राहिलें ना?" पुढें त्या नगरपालिकेच्या कचेरींत गेल्या, तेथें त्यांस न्यायालयाचा बेलिफ येईपर्यंत राहा असें सांगण्यांत आलें. आम्हीं पत्रें लिहिलीं. शेवटीं तात्पुरती जागा मिळाली, ती शहराच्या दुसऱ्या टोंकास, मुलांच्या शाळेपासून दीड तासावर. इंग्लंडांतील खाजगी घरांपुरतें तें २१ वें कलम रद्द करणारा कायदा २०२५ सालीं संमत झाला. बातमी वाचली तेव्हां मला तो बाक आठवला.

आतां ज्या मुलींनीं विचारलें त्यांच्यासाठीं दोन व्यवहाराच्या गोष्टी. १ सप्टेंबर २०२१ पासून तेथें सॉलिसिटरची नवी परीक्षा सुरू झाली आहे. दोन वर्षांचा अनुभव अजून लागतोच. परंतु तो एकाच कचेरींत न घेतां चार ठिकाणांपर्यंत विभागून घेतां येतो, आणि फुकट सल्ला देणाऱ्या केंद्रांतील कामहि त्यांत धरतां येतें. पूर्वीं उमेदवारीची जागा न मिळाल्यामुळें वर्षानुवर्षें साहाय्यक म्हणून खितपत पडणाऱ्या मुलांस हा मोठा दिलासा आहे. २०१४ पासून 'जस्टिस फर्स्ट फेलोशिप' नांवाच्या शिष्यवृत्तीखालीं गरिबांची वकिली करणाऱ्या कचेऱ्यांतील कांहीं उमेदवारांचा पगारहि बाहेरून मिळूं लागला. मात्र ज्यांस पैसा मिळवावयाचा आहे त्यांनीं मोठमोठ्या कंपन्यांचे सॉलिसिटर व्हावें. त्यांत कमीपणा नाहीं. आमच्या कचेरींतील पगारांत लंडनचें खोलीभाडें दिल्यावर फारसें उरत नसे. आणि दुसऱ्याचीं दुःखें दिवसभर ऐकून रात्रीं झोंप येत नाहीं, हीहि तक्रार मीं अनेकांच्या तोंडून ऐकली. आमच्या येथें शुक्रवारीं सर्वांनीं एकत्र जेवण्याची चाल होती. त्या वेळीं प्रकरणांविषयीं बोलावयाचें नाहीं असा नियम असे, व तो कोणीच पाळीत नसे.

शेवटीं आपल्या घरची गोष्ट. भारतांतहि १९८७ चा विधि सेवा प्राधिकरणाचा कायदा आहे व तो १९९५ पासून अमलांत आहे. त्याच्या १२ व्या कलमाप्रमाणें स्त्रिया, मुलें, अनुसूचित जातीजमातींचे लोक, औद्योगिक कामगार, अपंग आणि कोठडींत असलेले इसम ह्यांस मिळकतीची अट न लावतां फुकट वकील मिळूं शकतो. त्यासाठीं तालुक्याच्या न्यायालयांत विधि सेवा समिति असते. आपल्यांतील किती भगिनींस हें ठाऊक आहे, हें हात वर करून दाखवा म्हटलें तर फार हात वर येतील असें मला वाटत नाहीं. म्हणून फादर व्हिकारांच्या परवानगीनें मीं अर्जाचे कांहीं नमुने आणिले आहेत. ते सभा संपल्यावर दाराजवळच्या मेजावर मिळतील. ज्यांस लिहितां येत नाहीं त्यांचा अर्ज मी व कॉलेजांतील ह्या मुली तेथेंच बसून लिहून देऊं.