घरचे पीक आणि बाजारचे पीक
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या दिवशी मी पाककृतींवर बोलावे अशी सूचना होती. मी शेतीचा जमाखर्च निवडला आहे. कारण आपल्या शेलूबाजारच्या भागात स्वयंपाकघराचे निम्मे शेतातच ठरते.

पूर्वी आपल्याकडे कापूस आणि ज्वारी ही मुख्य पिके. कापूस विकावा, ज्वारी घरात भरावी, कडबा बैलांपुढे टाकावा. तूर, मूग, उडीद मधल्या ओळींत असत, म्हणून डाळ घरची. उपटलेली पऱ्हाटी चुलीला पुरे, तुराट्यांचे खराटे होत, सरकी म्हशीला मिळे. तो काळ सोन्याचा होता असे मात्र मी म्हणणार नाही. चुलीच्या धुराने आपल्या आयांचे डोळे गेले, आणि कापसाचा चुकारा केव्हा हाती येईल याचा नेम नसे.

मग सोयाबीन आले. शंभरेक दिवसांत निघते, मागून हरभरा घेता येतो. लोकांनी ते उचलले यात नवल नाही. पण ते घरच्या ताटात येत नाही, आणि त्याच्या कुटाराला कडब्याची सर नाही. आता ज्वारी विकत, डाळ विकत. सोयाबीन विकून आपण सोयाबीनचेच तेल पिशवीतून विकत आणतो, हा व्यवहार मला अजून उमगलेला नाही!

बायांच्या मजुरीचेही तसेच. निंदणाचे दिवस तणनाशकाने खाल्ले, सोंगणी गुत्त्याने जाते, मळणी यंत्रावर. निंदणाचा जो पैसा बाजाराच्या दिवशी बाईच्या पदरात पडे, तो आटला. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल ठरला. पण हमीभावाच्या खरेदीला साधारण १२ टक्क्यांपर्यंतच ओलावा चालतो. दिवाळीची गरज माल वाळेपर्यंत थांबत नाही, म्हणून तो व्यापाऱ्याच्या भावाने जातो.

आता मुख्य गोष्ट. आपल्या जवळून समृद्धी महामार्ग गेला. नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला. रस्त्याला जमिनी गेल्या, मोबदला आला. मोबदला सातबाऱ्यावर नाव असेल त्याला मिळतो. ज्या बाईने तीस वर्षे त्या जमिनीत निंदण केले, तिला घरात किती रुपये आले हे शेजारणीकडून कळावे काय?

१९८६ साली चांदवडला शेतकरी महिलांचे मोठे अधिवेशन भरले होते. पुढे शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली, आणि १९९२ साली सरकारनेही तसा निर्णय केला: पतीने स्वखुशीने अर्ज केल्यास पत्नीचे नाव सहधारक म्हणून सातबाऱ्यावर लागते.

ज्यांना अर्ज करावयाचा आहे त्यांनी चहाच्या वेळी माझ्याकडे नावे द्यावीत. मंगरूळपीरला तहसिलीत आपण मिळून जाऊ. अर्ज मी लिहून देईन. घरधन्याची सही मात्र जिची तिनेच आणावी.