फोटोच्या कॅमेऱ्यातून चलच्चित्र



आज ज्या यंत्राविषयी मी आपल्याशी बोलणार आहे, ते आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी किंवा शाळेच्या कपाटात पडून असेल. पंधरा-वीस वर्षांपूर्वी कुणाच्या लग्नासाठी म्हणून किंवा शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी म्हणून डिजिटल कॅमेरा घेतला गेला. दोन-चार वर्षे तो गळ्यात मिरवला. मग प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आला, आणि कॅमेरा फडक्यात गुंडाळून कपाटात गेला. तो पुन्हा बाहेर काढा, असे सांगण्यासाठी मी आलो आहे. फोटो काढण्यासाठी नव्हे, तर हलती-बोलती चित्रे, म्हणजे ज्याला आपण सरळ व्हिडिओ म्हणतो, ती घेण्यासाठी.

आपण म्हणाल, मोबाईल हाताशी असताना हा खटाटोप कशाला? प्रश्न रास्त आहे. मोबाईलने काम भागते, आणि ज्याच्याकडे तोच आहे त्याने तोच वापरावा. आज मी सांगणार त्यांतल्या बहुतेक गोष्टी त्यालाही लागू आहेत. पण जरा मोठ्या भिंगाचा फोटोचा कॅमेरा असेल, तर त्याचे दोन गुण मोबाईलला सहजासहजी येत नाहीत. एक म्हणजे त्याच्या आतला प्रकाश टिपणारा पडदा पुष्कळ मोठा असतो, त्यामुळे अंधाऱ्या स्वयंपाकघरातही चित्र बरे उमटते. दुसरा गुण साधा आहे, पण कामाचा. चित्रीकरण ऐन रंगात आले असताना त्याच्यावर कुणाचा फोन येत नाही!

मी मराठीचा प्राध्यापक, यंत्रांचा नव्हे. या वाटेला मी लागलो तो एका चुकीमुळे. ती चूक आधी सांगतो, म्हणजे पुढच्या सूचना कोरड्या वाटणार नाहीत.

२०१२ सालची गोष्ट. माझ्या मोठ्या आत्याला जात्यावरच्या ओव्या पुष्कळ येत. वय ऐंशीच्या पुढे, पण आवाज खणखणीत. कॉलेजातला एक फोटोचा कॅमेरा मी मागून घेतला आणि दिवाळीच्या सुटीत गावी गेलो. आत्या म्हणाली, “अरे, नुसतं बसून नाही यायच्या मला. जातं घाल, दाणे दे, मग आठवतील.” आम्ही माळ्यावरचे जाते उतरवले. आत्या दळायला बसली. मी कॅमेरा स्टँडवर लावला, बटण दाबले, आणि ऐकत बसलो. चाळीस मिनिटे ती गात होती. माहेर, भाऊ, पंढरीची वाट, गेलेली लेक, सगळे त्यात आले. माझे डोळे भरून आले, आणि कॅमेऱ्याकडे बघण्याचे भान राहिले नाही.

रात्री उघडून पाहिले, तर कॅमेरा बाराव्या मिनिटाला आपोआप थांबलेला! आणि त्या बारा मिनिटांतही आत्याचा आवाज जात्याच्या घरघरीत बुडालेला. मी मनाशी म्हटले, पुढच्या दिवाळीला पुन्हा घेऊ. पुढल्या श्रावणात आत्या गेली.

दोष यंत्राचा नव्हता. ते बारा मिनिटांनी थांबते हे त्याच्या पुस्तिकेत लिहिलेले होते. मी ती वाचली नव्हती. तेव्हा, श्रोतेहो, हे यंत्र कसे चालते ते थोडे समजून घेऊ या.

प्रथम थोडा इतिहास, कारण तो मौजेचा आहे. फोटोचा कॅमेरा आणि सिनेमा यांचे नाते जुने आहे. जर्मनीतील वेट्झलर गावी ऑस्कर बार्नाक नावाचा एक तंत्रज्ञ होता. १९१३-१४ च्या सुमारास त्याने सिनेमाची ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म घेतली आणि ती चालेल असा एक लहानसा फोटोचा कॅमेरा बनवला. सिनेमाचे चित्र १८ बाय २४ मिलिमीटरचे असे. बार्नाकने ते दुप्पट, म्हणजे २४ बाय ३६ मिलिमीटरचे केले. १९२५ साली हाच कॅमेरा लायका नावाने बाजारात आला, आणि फोटोच्या कॅमेऱ्यांना ते माप कायमचे मिळाले. म्हणजे फोटोग्राफीने सिनेमाकडून उसनवारी केली. ती फिटायला जवळजवळ शंभर वर्षे लागली!

लहान डिजिटल कॅमेऱ्यांत हलती चित्रे घेण्याची सोय आधीपासून होती. पण ती चित्रे टिकलीएवढी आणि तुटक असत. व्यावसायिक धाटणीच्या, भिंग बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यांत ही सोय आली ती २००८ साली. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये निकॉन कंपनीने आपला डी-९० हा कॅमेरा जाहीर केला, आणि सप्टेंबरात कॅनन कंपनीने फाइव्ह-डी मार्क टू. या दुसऱ्या कॅमेऱ्यातला पडदा बरोबर बार्नाकच्या मापाचा, २४ बाय ३६ मिलिमीटरचा होता. माणसाचा चेहरा स्पष्ट आणि मागची भिंत मऊ, धूसर, असे जे चित्र आपण सिनेमात पाहतो, ते आता फोटोच्या कॅमेऱ्यातून निघू लागले. २०१० साली अमेरिकेतल्या ‘हाऊस’ या दूरदर्शन-मालिकेचा एक संपूर्ण भाग याच कॅमेऱ्याने चित्रित झाला.

आपल्याकडचे उदाहरण तर शिक्षकांनी मुद्दाम लक्षात ठेवावे असे आहे. अमोल गुप्ते यांचा ‘स्टॅनली का डब्बा’ हा चित्रपट २०११ साली आला. डबा न आणणाऱ्या एका मुलाची ती गोष्ट. मुंबईतल्या एका शाळेत, शनिवारच्या कार्यशाळांतून, मुलांना अभिनयाचे ओझे न वाटू देता तो चित्रित झाला. आणि तोही कॅननच्या सेव्हन-डी या फोटोच्या कॅमेऱ्याने. छायालेखक होते अमोल गोळे. मोठे यंत्र, झगझगीत दिवे, माणसांची धावपळ, यांतले काही समोर नसले की मुले मोकळी राहतात. लहान कॅमेऱ्याचा हा फार मोठा उपयोग आहे. माझ्या आत्यालाही त्याची भीती वाटली नव्हती.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू या. व्हिडिओ म्हणजे काय? तर एका सेकंदाला पंचवीस-तीस फोटो, एकामागून एक. आपल्या देशात कॅमेऱ्यात २५ हा आकडा निवडावा. का, ते सांगतो. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची आहे. ट्यूबलाईट आणि पुष्कळसे साधे दिवे त्या तालावर सेकंदाला शंभर वेळा मिणमिणतात. आपल्या डोळ्यांना ते कळत नाही, पण कॅमेऱ्याला कळते, आणि चित्रात काळे पट्टे सरकू लागतात. चित्रे २५ आणि शटरचा वेग सेकंदाचा पन्नासावा भाग ठेवला, की ताल जुळतो आणि पट्टे जातात. शिवाय याच वेगाला माणसाची हालचाल डोळ्यांना स्वाभाविक वाटते. शटर फार वेगाने उघडझाप करू लागले, तर चालणारा माणूस झटके देत चालल्यासारखा दिसतो.

पण भर उन्हात या वेगाला प्रकाश फार होतो, चित्र पांढरेफटक पडते. त्यासाठी भिंगावर बसवायची काळसर काच मिळते. ती नसेल तर माणसाला सावलीत बसवा. ओसरीवर, दाराच्या उजेडात, झाडाखाली. उजेड त्याच्या तोंडावर किंवा एका बाजूने यावा. पाठीमागे उघडे दार ठेवू नका, नाहीतर माणूस काळा आणि दार तेवढे उजळ, असा प्रकार होतो.

दुसरे म्हणजे, कॅमेरा हलवू नका. नवशिक्याचा हात कसा चालतो बघा: छप्पर, भिंत, माणूस, पुन्हा छप्पर! जणू रंगारी भिंतीला चुना देतो आहे. शिवाय बहुतेक कॅमेऱ्यांत चित्र एकदम टिपले जात नाही. वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत क्रमाने टिपले जाते. मधल्या निमिषात कॅमेरा गर्रकन फिरवला तर सरळ खांब तिरके होतात. धावत्या एसटीच्या खिडकीतून घेतलेल्या चित्रात विजेचे खांब कललेले दिसतात, ते यामुळेच. उपाय सोपा आहे. स्टँड असेल तर उत्तम. नसेल तर दोन किलो ज्वारी भरलेली कापडी पिशवी कट्ट्यावर ठेवा आणि तिच्यात कॅमेरा रुतवा. एकदा लांबून सगळे दृश्य घ्या, एकदा मधून माणूस घ्या, एकदा जवळून फक्त हात घ्या. प्रत्येक वेळी निदान दहा सेकंद कॅमेरा स्थिर राहू द्या.

तिसरी गोष्ट आवाजाची, आणि माझ्या मते हीच सर्वांत महत्त्वाची. चित्र थोडे अंधुक असले तर चालते, पण आवाज कळला नाही तर सारे फुकट. फोटोच्या कॅमेऱ्यातला माइक बेताचाच असतो. तो माणसापासून चार-पाच हात दूर, आणि कॅमेऱ्याची स्वतःची खुडखुड मात्र त्याला अगदी जवळून ऐकू येते. शिवाय आवाज कमीजास्त करण्याचे काम पुष्कळ कॅमेरे आपण होऊन करतात. गाणारी श्वास घ्यायला थांबली की यंत्राला वाटते शांतता झाली. मग ते कान टवकारते आणि पंख्याचा, कोंबड्यांचा आवाज मोठा करते. माझ्या बारा मिनिटांत हेच झाले होते.

यावर उपाय काय? कॅमेऱ्याला बाहेरचा माइक जोडता येत असेल तर जोडावा. नाहीतर इथे मोबाईलला कामाला लावावे. त्यावरचे फोन बंद करून, आवाज मुद्रित करण्याची सोय चालू करून, तो बोलणाराच्या जवळ, वीतभर अंतरावर, उपरण्याखाली किंवा सुपाआड ठेवावा. मग कॅमेऱ्यासमोर एकदा मोठ्याने टाळी वाजवावी. पुढे संगणकावर चित्र आणि आवाज जुळवताना, हात एकत्र आलेले चित्र आणि टाळीचा फटका एकावर एक आणले की झाले. सिनेमावाले पाटी आपटतात ना, ती यासाठीच!

चौथी गोष्ट, ज्या खड्ड्यात मी पडलो त्याची. हे कॅमेरे मुळात फोटोसाठी बनलेले, त्यामुळे व्हिडिओ घेताना ते मध्येच थांबतात. जुन्या कॅमेऱ्यांत एका वेळी साठवणुकीची ४ जीबीची मर्यादा असे. उत्तम प्रतीच्या चित्राची ती फाइव्ह-डी मार्क टू मध्ये सुमारे बारा मिनिटांत भरे. इतर पुष्कळ कॅमेरे २९ मिनिटे ५९ सेकंदांनी थांबत. हा चमत्कारिक आकडा जकातीतून आला. युरोपात अर्धा तास किंवा अधिक चित्रण करणारे यंत्र व्हिडिओ कॅमेरा म्हणून धरले जाई आणि त्यावर जास्त कर पडे. म्हणून कारखानदारांनी एक सेकंद आधीच कुलूप घातले! नव्या कॅमेऱ्यांपैकी पुष्कळांत ही बंधने राहिलेली नाहीत. आपल्या कॅमेऱ्याला कोणते बंधन आहे, ते मात्र आधी घरी करून पाहावे. दर दहा मिनिटांनी आपणच थांबावे आणि पुन्हा सुरू करावे. एक बॅटरी जास्तीची ठेवावी. उन्हात कॅमेरा तापतो, त्यालाही विसावा द्यावा. घरी आल्यावर त्याच रात्री सगळे दोन वेगवेगळ्या ठिकाणी उतरवून ठेवावे, आणि मगच कार्ड पुसावे.

आता शाळेसाठी एक प्रयोग. दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली लोकांपुढे आणला, हे आपण मुलांना शिकवतो. पण त्याआधी त्यांनी वाटाण्याचा दाणा रुजून त्याचे रोप कसे होते, त्याची एक छोटी चित्रफीत केली होती. रोज थोडे थोडे चित्रण करून महिन्याभराची वाढ त्यांनी काही क्षणांत दाखवली, आणि ती पाहून भांडवल देणाराला विश्वास वाटला. हा प्रयोग आपल्या शाळेतल्या कॅमेऱ्याने सहज होतो, आणि इथे तर व्हिडिओचे बटणही लागत नाही. कुंडीत वाटाणा किंवा वाल पेरा. कॅमेरा स्टँडवर पक्का बांधा. खिडकी झाकून एकच दिवा कायम लावून ठेवा, म्हणजे उजेड बदलणार नाही. सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, दर अर्ध्या तासाला एक फोटो. मोजून पाहा, दिवसाचे पंचवीस फोटो होतात, म्हणजे चलच्चित्राचा बरोबर एक सेकंद! पंधरा दिवसांचे पंधरा सेकंद. शाळा सुटल्यावर फोटो कोण काढणार? बऱ्याच कॅमेऱ्यांत ठरल्या वेळी आपोआप फोटो काढण्याची सोय असते. नसेल तर शाळेजवळ राहणाऱ्या मुलांच्या पाळ्या लावा. धीर, नोंद आणि गणित, तिन्हींचा पाठ एकाच कुंडीत मिळेल.

शेवटी एकच सांगतो. कुणाचेही चित्रण करण्याआधी त्याला विचारा, आणि झाल्यावर त्याला ते दाखवा. म्हाताऱ्या माणसांना वाटते, आपल्याकडे घेण्यासारखे काय आहे? त्यांना ते पटवून द्यावे लागते. आपल्या गावात अजून कुणी चाकावर मडके घडवत असेल, कुणी बुरूड सूप विणत असेल, कुणा आजीला जात्यावरच्या ओव्या येत असतील. या रविवारी कॅमेरा बाहेर काढा, बॅटरी भरा, पुस्तिका वाचा, आणि त्यांच्या दारी जा. दिवाळीची वाट पाहू नका.

आत्याची ती बारा मिनिटे माझ्याजवळ आहेत. आवाज नीट लागत नाही, तरी मी अधूनमधून ती लावतो. जात्याच्या घरघरीतून दोन-तीन ओव्या कळतात. बाकीच्या काय होत्या, ते आता मला सांगणारे कुणी नाही.