पर्यावरणशास्त्राची पदवी : निवड आणि नियोजन
(विद्यार्थी गुणगौरव समारंभात, पुणे येथे केलेले भाषण)



यशस्वी विद्यार्थ्यांचे कौतुक आताच झाले. आता त्यांच्या पुढील वाटेचा विचार करणे उचित होईल. डॉक्टर आणि इंजिनियर या दोन वाटा आपल्या घरोघरी परिचित आहेत. परंतु अलीकडे काही मुलेमुली ‘आम्हांस पर्यावरणशास्त्र शिकावयाचे आहे’ असे म्हणतात, तेव्हा वडीलधारी मंडळी विचारतात, ‘याने पोट भरेल काय?’ प्रश्न रास्त आहे. त्यास उत्साहाने नव्हे, माहितीने उत्तर दिले पाहिजे.

प्रथम एक घोटाळा दूर करू. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर निर्देश दिले आणि पुढे सर्व शाखांच्या पदवी अभ्यासक्रमांत पर्यावरण हा सक्तीचा विषय झाला. त्याचे पाठ्यपुस्तक विद्यापीठ अनुदान आयोगासाठी पुण्याच्याच डॉ. एरक भरुचा यांनी लिहिले. तो सर्वांनी शिकावयाचा सामान्य विषय होय. पर्यावरणशास्त्राची पदवी निराळी. तीत रसायन, जीवसृष्टी, भूगर्भ, हवामान आणि संख्याशास्त्र यांचा मेळ असतो.

या अभ्यासास पुण्यासारखे स्थान विरळा. हवामान खात्याचे कार्यालय १९२८ साली सिमल्याहून येथे आले. खडकवासल्याच्या जल व विद्युत संशोधन केंद्राचा आरंभ १९१६ चा. उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्था १९६२ ची. फर्ग्युसन महाविद्यालय, विद्यापीठाचा पर्यावरणशास्त्र विभाग आणि १९९३ साली निघालेली भारती विद्यापीठाची पर्यावरण शिक्षणसंस्था, येथे हे शिक्षण मिळते. १२ जुलै १९६१ चा पानशेतचा प्रलय आणि ३० जुलै २०१४ रोजी दरडीखाली गाडले गेलेले आंबेगाव तालुक्यातील माळीण, या आठवणी ज्या जिल्ह्याच्या पोटात आहेत, त्यास या शास्त्राचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

आता नियोजनाकडे वळू. पहिली गोष्ट, अकरावी-बारावीस जीवशास्त्र घ्यावे, पण गणित सोडू नये. गणित असेल तर पर्यावरण अभियांत्रिकीचे दारही उघडे राहते.

दुसरी गोष्ट फार महत्त्वाची आहे. भारतीय वनसेवेच्या परीक्षेस वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायन, भूगर्भशास्त्र, भौतिकी, गणित, संख्याशास्त्र अशा ठरावीक विषयांपैकी एक तरी पदवीस असावा लागतो, अथवा कृषी, वनविद्या किंवा अभियांत्रिकीची पदवी लागते. त्या यादीत पर्यावरणशास्त्राचे नाव नाही. ज्याचे मन वनसेवेकडे ओढ घेते त्याने प्रवेश घेतानाच विषयांची जोडणी तपासावी. तीन वर्षांनी कळून उपयोग नाही.

तिसरी गोष्ट, केवळ बी. एस्सी. वर थांबू नये. एम. एस्सी. करावी, प्रयोगशाळेत पाणी व माती तपासण्याचा हात बसवावा, संगणकावर नकाशे तयार करण्याची विद्या शिकावी. प्राध्यापकीसाठी ‘नेट’ परीक्षेत हा विषय आहे. २०२१ पासून ‘गेट’ मध्येही त्याची स्वतंत्र प्रश्नपत्रिका आहे.

उरला पोटाचा प्रश्न. १९७४ चा जलप्रदूषणाचा कायदा, १९८१ चा वायुप्रदूषणाचा आणि १९८६ चा पर्यावरण संरक्षणाचा कायदा यांमुळे कारखान्यांस सांडपाणी शुद्ध करावे लागते आणि त्याचे नमुने तपासावे लागतात. २००६ च्या अधिसूचनेनुसार अनेक मोठ्या प्रकल्पांस आघात-अहवालाशिवाय मंजुरी नाही. ही कामे जाणत्या माणसांवाचून होत नाहीत. मात्र पहिल्याच पगाराची तुलना शेजारच्या संगणक अभियंत्याशी करू नये. येथे अनुभवानेच किंमत वाढते.

शेवटी, कार्यकारी मंडळास आमची एक विनंती आहे. आपल्या शिष्यवृत्ती निधीचे दार वैद्यक आणि अभियांत्रिकी यांपुरतेच न ठेवता या शास्त्राच्या विद्यार्थ्यांसही उघडावे. निदान पदव्युत्तर शिक्षणास कर्जाऊ साह्य द्यावे. आणि पालकांनो, मुलगी डोंगरदऱ्यांत नमुने गोळा करावयास निघाली तर तिला अडवू नका. विद्येचे क्षेत्र निवडण्याचा तिचाही अधिकार तितकाच आहे.

सर्व विद्यार्थ्यांस आमचे शुभाशीर्वाद.